एका दिवसात ताडोबा आणि मागच्या महिन्याचं परमिट

मुंबईहून पहाटे निघायचं, दुपारी ताडोबात वाघ पाहायचा आणि रात्री घरी येऊन आपल्या अंथरुणात झोपायचं, हे ऐकायला थापेसारखं वाटतं, पण वेळेच्या हिशेबात बसतं. पहाटेचं विमान सकाळी नागपूरला उतरतं. तिथून उमरेड, भिसी, चिमूर करत कोलारा गेटपर्यंत दोन-अडीच तासांचा रस्ता. उन्हाळ्यात दुपारच्या फेरीच्या गाड्या तीनच्या आसपास आत सोडतात, अंधार पडायच्या आत बाहेर काढतात, आणि रात्रीचं विमान धावतपळत का होईना गाठता येतं. आम्हाला ज्याने फसवलं त्याने या वेळापत्रकात एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. खोटं होतं ते परमिट.

आम्ही मुलुंडचे. माझ्या सासऱ्यांना, बाबांना, रानातला वाघ पाहायचा होता. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला वाघ त्यांनी जाळी लावलेल्या बसमधून पाहिलाय, पण तो ते हिशेबात धरत नाहीत. "तो सरकारी नोकर," म्हणतात. गुडघे दुखतात, रात्रीची औषधं ठरलेली, परक्या जागी झोप लागत नाही, त्यामुळे मुक्काम नको ही त्यांची अट. म्हणून इन्स्टाग्रामवर 'मुंबई ते ताडोबा, त्याच दिवशी परत' अशी जाहिरात दिसली तेव्हा ती जणू आमच्याच घरासाठी काढल्यासारखी वाटली.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलणारा. ऑफिस दादरला असल्याचं सांगितलं. बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली, "काकांना ड्रायव्हरच्या शेजारी बसवू, मागे धक्के फार बसतात," असंही म्हणाला. विमानाची तिकिटं आम्ही काढायची; नागपूरची गाडी, कोअरचं (म्हणजे जंगलाच्या आतल्या, गाभ्याच्या भागाचं) परमिट, जिप्सी, गाईड आणि जेवण त्याचं. चौघांचे एकतीस हजार. फार स्वस्त सांगितलं असतं तर शंका आली असती. त्याने बाजारात जो भाव चालतो तोच सांगितला.

मग त्याने चौघांची आधार कार्डं मागितली, आणि इथे आमचा विश्वास बसला. कारण ताडोबाचं परमिट खरंच असं निघतं. बुकिंग करतानाच प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि एकाच्या नावाचं परमिट दुसऱ्याला चालत नाही. हे मी आधी वाचलं होतं. म्हणजे त्याने नियमाप्रमाणेच मागितलं. शिवाय परतीच्या विमानाची तिकिटंही मागून घेतली, "गाडी वेळेवर सोडायला बरं पडतं" म्हणून. ही तिकिटं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतात.

आता मागे वळून पाहताना खटकतं ते सांगते. पहिल्या फोनवर त्याने मंगळवारची तारीख सुचवली होती. ताडोबा मंगळवारी बंद असतं. माझ्या नवऱ्याला मंगळवारी ऑफिसात मीटिंग होती म्हणून आम्ही गुरुवार धरला, नाहीतर हा माणूस आम्हाला बंद जंगलाचं परमिट विकून मोकळा झाला असता. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर 'आजचं सायटिंग' म्हणून वाघाचे व्हिडिओ यायचे, मोबाइल उभा धरून काढलेले. ताडोबाच्या सफारीत मोबाइल न्यायला बंदी आहे, गेटवरच ठेवून घेतात. मग हे व्हिडिओ काढले कोणी आणि कुठे? त्यातला एक माझ्या मुलाने नंतर थांबवून थांबवून पाहिला. कोपऱ्यात लोखंडी जाळी दिसत होती. बहुतेक बाबांचा सरकारी नोकरच!

परमिट पीडीएफमध्ये आलं. वनविभागाचं चिन्ह, परमिटचा नंबर, कोलारा गेट, दुपारची फेरी, आमची चौघांची नावं, वयं, आधारचे शेवटचे आकडे. सगळं अचूक. नावांच्या ओळीतलं अक्षर बाकीच्यापेक्षा किंचित जाड होतं. फोनच्या पडद्यावर ते कोणाच्या नजरेत भरणार?

गुरुवारी नागपूरला उतरलो. गाडी हजर, ड्रायव्हरच्या हातात आमच्या नावाची पाटी. तर्री पोहे खाल्ले. चिमूरचा फाटा आल्यावर बाबांनी बेचाळीसचं आंदोलन काढलं, मुलाने कानातले इयरफोन काढून ते ऐकलं, एरवी हे घडत नाही. दीडच्या सुमारास आम्ही कोलाऱ्याला. ऊन असं की डांबरावर पाय ठेवला तर चप्पल चिकटेल.

खिडकीवरच्या मुलाने परमिटचा नंबर घातला, आमच्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"हा नंबर मागच्या महिन्यातला हाय ताई. हे लोकं तर वाघ पाहून घरी बी गेले."

नंबर खरा होता. आमच्याआधी कोणीतरी रीतसर पैसे भरून काढलेलं, वापरून झालेलं परमिट. त्यावरची नावं आणि तारीख खोडून आमची बसवली होती. आमच्या नावावर त्या दिवशी, त्या गेटला, काहीच नव्हतं. "तुमीच पयले नाई," तो म्हणाला. आवाजात उपकार नव्हता, तुच्छताही नव्हती. मागे पाच-सहा गाड्या उभ्या, त्यांना आत सोडायची वेळ होत आली होती.

फोन लावला तर त्याने पहिल्या रिंगला उचलला. मला वाटलं होतं बंद असेल. नाही, तो वाटच पाहत होता. "मॅडम, सिस्टमचा एरर आहे, मी आतल्या साहेबांशी बोलतोय. गेटवर कोणाला काही देऊ नका. व्हीआयपी कोट्यातून सोडतात, फक्त साडेनऊ हजार आत्ता पाठवा, अडीचला गेट बंद होईल, उद्या ते परत करतो." मागून कोणीतरी "हो हो, चार पॅक्स, कोलारा" असं मोठ्याने बोलत होतं. नाटकाची तालीम चांगली झालेली होती.

खरी लूट या दुसऱ्या रकमेत असते असं माझं मत आहे. पहिले एकतीस हजार आम्ही घरी बसून, विचार करून दिले. हे साडेनऊ हजार मागितले ते अशा वेळी की समोर गेट आहे, शेजारी म्हातारा माणूस टोपी घालून तयार बसलाय, मुलगा विचारतोय काय झालं, आणि घड्याळ पळतंय. नवऱ्याने यूपीआय उघडून रक्कमसुद्धा टाकली होती. थांबवलं ते ड्रायव्हरने. "साहेब, नका पाठवू. मला बी त्यानं डिझेलचे पैसे टाकतो म्हणून सकाळपासून फिरवून राहिला. मी याच्यासाठी पयल्यांदाच आलो." म्हणजे गाडीही त्याने फुकटात मिळवलेली. पाटी धरून उभा राहिलेला माणूस आमच्याइतकाच अडकलेला होता. त्याचे पैसे आम्ही दिले, त्याचा काय दोष.

चिमूरला पोलीस ठाणं आहे. जायला हवं होतं, असं कोणीही सांगेल. पण हिशेब मांडून पाहा. तक्रार लिहून घ्यायला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही, नागपूर अडीच तासांवर, विमान रात्रीचं, चार तिकिटं, बाबांची औषधं मोजून आणलेली. आम्ही परत फिरलो. आणि आमच्याकडे किती वेळ आहे हे त्या माणसाला मिनिटाच्या हिशेबात ठाऊक होतं, कारण परतीची तिकिटं त्याच्याकडे होती. मुक्कामाला आलेला माणूस संध्याकाळी ठाण्यात जाऊन बसेल, दुसऱ्या दिवशी गेटवर भांडेल, रिसॉर्टवाल्याला मध्ये घालेल. खिशात रात्रीचं तिकीट असलेला माणूस निघून जातो. 'त्याच दिवशी परत' हे गिऱ्हाईक निवडायचं साधन आहे, सहलीचा प्रकार नंतर.

उमरेडच्या आसपास रेंज आली तेव्हा 1930 ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा क्रमांक. लागायला वेळ लागतो, लावत राहायचं. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, कोणत्या खात्यात गेले, केव्हा गेले, एवढं हाताशी ठेवा, बाकी रामायण ते ऐकत नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार क्रमांक दिला. आम्ही पैसे दोन हप्त्यांत दिले होते. दुसरा हप्ता आदल्या दिवशीचा, त्यातले अकरा हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. पहिला हप्ता केव्हाच तीन खाती ओलांडून एटीएममधून निघाला होता. जितका उशीर, तितकी खाती, हे पोलिसांचंच वाक्य.

मुंबईत आल्यावर आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "घटना चंद्रपूर जिल्ह्यातली ना?" याला उत्तर तयार ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात, हद्द न पाहता देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. शिवाय पैसे मुलुंडमध्ये बसून पाठवले होते. हे शांतपणे सांगितल्यावर हवालदार साहेबांनी कागद ओढला. दादरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले. कबुतरखान्याजवळची जुनी इमारत, त्या मजल्यावर एक शिंपी आहे. त्याला विचारल्यावर तो हसला, म्हणाला, वाघवाले इथे येतात अधूनमधून.

आधारच्या प्रतींचं मात्र वाईट वाटतं. त्या परत येत नाहीत. चौघांचंही बायोमेट्रिक लॉक केलं आधारच्या ॲपवरून. बाबांचं करताना ओटीपी चार वेळा मागवावा लागला.

परमिट स्वतः काढता येतं, आणि एजंटाकडून काढायचंच तर त्याची पडताळणी होते. महाराष्ट्र वनविभागाच्या संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो; ताडोबाच्या नावाची दिसायला तशीच पानं शोधात वर येतात, त्यांच्यावर विसंबू नका. परमिट हातात आलं की वनविभागाच्या कार्यालयात फोन करून नंबर, तारीख आणि नाव जुळतंय का विचारा. हे मला कोलाऱ्याच्या त्या मुलानेच सांगितलं, "फोन करा ना जी, आमी सांगतो." पैसे कोणा व्यक्तीच्या नावाच्या खात्यात मागत असतील तर कंपनीच्या नावाचं खातं मागा. आणि एजंटाला परतीचं तिकीट पाठवू नका. गाडी सोडायला त्याला वेळ सांगितली की पुरते, तीही प्रत्यक्षापेक्षा उशिराची सांगा, म्हणजे आपल्याकडे नेमका किती वेळ आहे ते त्याला कळत नाही.

कोअर आणि बफर यांतही मखलाशी चालते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प सतराशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्यातला सव्वासहाशेच्या आसपास भाग कोअर. बाकी बफर, त्याची गेटं वेगळी, दर वेगळे. बफरमध्येही वाघ दिसतात, त्यात कमीपणा काही नाही, पण कोअरचे पैसे घेऊन बफरला नेतात आणि मुंबईकराला गेटचं नाव ऐकून फरक कळत नाही. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंद असतं. त्या महिन्यांत कोणी कोअर विकत असेल तर फोन ठेवून द्या.

'वाघ दिसण्याची हमी' हा शब्द आमच्या माणसानेही वापरला होता. रानातल्या वाघाची हमी वनविभाग देत नाही, देऊ शकत नाही. ती द्यायला निघालं की काय होतं ते 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवलेला रस्ता. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. गिऱ्हाईकाला हमी विकणारे मात्र तिथे गाडीत नसतात.

बाबांसाठी आता रेल्वेचा विचार चाललाय. रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी नागपूर, गेटजवळ एक मुक्काम. मुक्कामाला ते अजून नाही म्हणतायत, पण औषधांचा डबा प्रवासाचा आणून ठेवलाय त्यांनीच.

अकरा हजार अजून गोठलेलेच आहेत, सोडवायला अर्ज दिलाय. कोलारा किंवा मोहर्लीच्या गेटवरून असं परत फिरावं लागलेलं कोणी असेल तर 'आपली रक्कम लहान' म्हणून सोडू नका, आपल्या नावाने वेगळी तक्रार नोंदवा आणि पैसे गेलेल्या खात्याचा क्रमांक त्यात घाला. तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितलं की एकाच खात्यावर चार तक्रारी जमल्या की बँक वेगळ्या तत्परतेने हलते.