नेट गेल्यावर कोण येणार? गोव्यात घरचं कनेक्शन निवडताना

कनेक्शन घेताना सगळे स्पीड विचारतात. शंभर एमबीपीएस की तीनशे, ओटीटी कुठलं फुकट, वर्षाचे पैसे एकदम भरले तर काय सवलत. पणजी-मडगावात फ्लॅटमध्ये राहत असाल तर तेवढं विचारून भागेल. पण डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे इथल्या वाड्यांवर राहणाऱ्याने आधी एक वेगळी गोष्ट विचारून घ्यावी. जूनमध्ये माडाची झावळ पडून तार तुटली तर खांबावर कोण चढणार, आणि त्याच्यापर्यंत आपला निरोप किती जणांमार्फत पोचणार?

बहुतेकांपुढे तीन पर्याय असतात. गावचा केबलवाला, मोठ्या खाजगी कंपनीची फायबर, आणि तारेशिवायचं ५जी, म्हणजे गच्चीवर सिग्नल पकडणारी पेटी आणि घरात राउटर. बीएसएनएल यांच्या अधेमधे बसते. तिची घरगुती फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार ओढतो आणि सांभाळतो. बिल कंपनीचं, माणूस गावचा. त्यामुळे बीएसएनएल घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी आपल्या भागात तिचा भागीदार कोण आहे, हे शेजाऱ्यांना विचारा.

लाल दिवा

फायबरच्या मोडेमवर दोन दिवे ओळखून ठेवा. पीओएन स्थिर हिरवा असेल तर तारेतून प्रकाश येतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येतच नाही. तार कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे किंवा जोड निसटला आहे. अशा वेळी मोडेम चालू-बंद करून काहीही होत नाही.

हे मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरला पटवणं म्हणजे दिव्यच. माझ्याकडे अशी लाइन होती तेव्हाचा ठरलेला संवाद असा:

"सर, मोडेम बंद करून तीस सेकंदांनी चालू करा."

"एलओएस लाल आहे हो, तार तुटलीय."

"हो सर, पण एकदा रीस्टार्ट करून बघूया."

बघितलं. मग पत्ता.

"सर, सोसायटीचं नाव?"

"सोसायटी नाही. घर नंबर लिहा, वाड्याचं नाव लिहा, देवळाच्या मागे."

"फ्लॅट नंबर, सर?"

फोनवरच्या पोराला तरी काय दोष द्यायचा! दूरसंचार खात्याच्या नकाशात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो आणि त्याच्या पडद्यावरच्या फॉर्ममध्ये 'वाडा' असा रकानाच नसतो. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." इकडे दिवा लालच. तक्रार बंद झाली की नवी नोंदवायची, आणि नवी नोंदवली की पुन्हा मोडेम बंद करून तीस सेकंद थांबायचं.

खरी गोम पुढे आहे. खांबापासून घरापर्यंतची तार बघणारा पोरगा वेगळा आणि रस्त्याकडेची मुख्य केबल जोडणारी टोळी वेगळी. दोन्ही बहुधा कंत्राटावर. जेसीबीने मुख्य केबल तोडली असेल तर घरी आलेला पोरगा मोडेमकडे बघतो, मीटर लावतो, "मेन लाइन डाउन आहे" म्हणतो आणि जातो. जाताना तक्रार बंद करायला ओटीपी मागतो. तो काम झाल्याशिवाय देऊ नका. त्याच्या भेटी मोजल्या जातात, तुमचा दिवा कोणी मोजत नाही.

केबलवाल्याचं उलट. त्याला कॉल सेंटर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लाल दिव्याचा फोटो टाकला की झालं. "येतां, येतां" म्हणतो, आणि पाच मिनिटांचा अर्धा दिवस होतो, पण येतो. आला की तुटकी जागा त्याला शोधावी लागत नाही, कारण तार त्यानेच ओढलेली असते. कुठल्या फणसाच्या फांदीला घासते, माकडं कुठून कुठे उड्या मारतात, सगळं पाठ. स्कूटरच्या डिकीवर स्प्लायसिंग मशीन ठेवतो, वर कोणीतरी छत्री धरतं. तारेचं वरचं आवरण सोलायचं, केसाएवढी काच स्पिरिटने पुसायची, कटरने सरळ कापायची, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर बसवायची. आत ठिणगी पडते, काच वितळून एक होते, पडद्यावर प्रकाशाचा तोटा दिसतो ०.०२ डीबी, म्हणजे नसल्यासारखाच. आधीच ओवून ठेवलेली नळी जोडावर सरकवून तापवली की काम संपलं. कुशल हाताला एका जोडाला काही मिनिटं पुरतात. बाकीचा सगळा वेळ त्या हाताची वाट बघण्यात जातो.

पण केबलवाल्याला डोक्यावर घेण्याआधी त्याला दोन गोष्टी विचाराव्यात.

पहिली: मधल्या बॉक्सला वीज लागते का? जीपीऑन या आजच्या नेहमीच्या फायबर पद्धतीत एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणारा वाटेतला स्प्लिटर नुसती काच असतो, त्याला वीज लागत नाही. पण काही जुन्या जाळ्यांत कोणाच्या तरी पडवीत किंवा खांबावर विजेवर चालणारा नेटवर्क स्विच बसवलेला असतो. तिथली वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे गोंयकाराला सांगायला नको.

दुसरी: खांबांची परवानगी आहे का? वीज खात्याने आपल्या खांबांवरच्या विनापरवाना केबली कापून टाकल्याच्या बातम्या इथे येऊन गेल्या आहेत. तशी केबल कापली गेली तर जोडायलाही तो लगेच चढू शकत नाही.

शिवाय तो एकटा असतो. चवथीच्या दिवसांत तोही गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधत असतो, आणि त्याने बांधूही नये का? त्याला वरून, म्हणजे मोठ्या पुरवठादाराकडून, मिळणारी लाइनच तुटली तर अख्खा गाव बसतो, आणि मग त्याचा फोन 'स्विच ऑफ' लागतो.

५जीत रस्त्यावर तुटायला तारच नाही, ही मोठी सोय. पण बंद पडलं तर बिघाड बहुतेक वेळा टॉवरपाशी असतो, आणि तुमच्या घरी येणाऱ्या माणसाला तिथलं काही करता येत नाही. कॉल सेंटरवर "पावसामुळे सिग्नल कमी आहे, सर" हे उत्तर मिळेल. ते पूर्ण खरं मानू नका. घरोघरी येणारं ५जी मुख्यतः ज्या लहरींवर चालतं, त्यांना पावसाच्या धारांचा फारसा अडथळा होत नाही. पेटी आणि टॉवरच्या मधोमध माड-आंब्याची ओली पानं आली तर मात्र होतो. म्हणून मे महिन्यात झकास चालणारं कनेक्शन जुलैत रडतं. बसवताना पेटी झाडांच्या रेषेच्या वर जाते का ते बघा. मंगळुरी कौलांचं घर असेल तर पाइप कुठे ठोकणार हेही आधीच ठरवा. आणखी एक: गच्चीवरून खाली येणारी तार तांब्याची असते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवलेला बरा.

दिवा हिरवा, पण नेट रांगतंय

तक्रारीतला सगळ्यात चिवट प्रकार हाच, कारण इथे "तुमच्याच घरात प्रॉब्लेम आहे" म्हणायला सगळ्यांना वाव मिळतो. निम्म्या वेळा ते खरंही असतं. चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचा (हा ५जी नव्हे). हॉलमध्ये दोनशे आणि माजघरात सहा, यात कंपनीचा दोष नाही. म्हणून मोजताना लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडा, रात्री नऊच्या सुमारास मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा. हा पुरावा हातात असला की बोलणं बदलतं.

संध्याकाळी मंदावण्यात केबलवाला बहुधा मागे पडतो: गिऱ्हाइकं वाढतात, वरची लाइन तेवढीच राहते. मोठ्या कंपनीची फायबर इथे बऱ्यापैकी टिकते. ५जी टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे वरखाली होतं. कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरअखेरीस त्याच्या भरवशावर ऑफिसचं काम ठेवू नये. घरचे सीसीटीव्ही बाहेरून थेट बघायचे असतील तर 'पब्लिक आयपी मिळेल का', म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, हेही तिघांना विचारा. ५जीवर तो सहसा मिळत नाही.

मग घ्यायचं कोणतं?

घरून नोकरी आणि गावात केबलवाल्याचं नाव चांगलं: केबलवाला घ्या, महिन्याच्या बोलीवर. सोबत दुसऱ्याच कंपनीचं मोबाइल सिम डेटासाठी ठेवा. शहरातली सोसायटी, जिथे कंपनीचा बॉक्स जिन्याखालीच आहे: मोठ्या कंपनीची फायबर, तिथे फ्लॅट नंबरही असतो आणि तंत्रज्ञ रोज त्याच भागात फिरतो. भाड्याचं घर, वर्षभराचा मुक्काम, किंवा खांबच नाहीत असा डोंगरउतार: ५जी, पण आधी त्याच कंपनीच्या ५जी सिमवर त्याच गच्चीवर स्पीड बघून. म्हातारे आई-वडील एकटेच गावी असतील तर मी डोळे झाकून केबलवालाच सुचवीन. त्यांना मेन्यूतला 'चार दाबा' जमत नाही, ओळखीच्या माणसाला हाक मारणं जमतं.

घरात मोबाइलची रेंज नसेल आणि फोन वायफायवरूनच लागत असेल, तर नेट गेल्यावर तक्रारीचा फोनही जातो. तक्रारीचा नंबर कागदावर लिहून शेजाऱ्यांकडेही देऊन ठेवा.

पैसे आणि कागद

वर्षाचे पैसे आगाऊ कोणालाच देऊ नका, निदान एक पावसाळा बघितल्याशिवाय. केबलवाल्याकडून पावती घ्या आणि तिच्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. अनेकजण दुसऱ्या परवानाधारक कंपनीचे फ्रँचायझी असतात, आणि भांडण झालं तर दाद त्या कंपनीकडे मागावी लागते.

मोठ्या कंपनीशी भांडताना फोनवर आवाज चढवण्यापेक्षा तक्रार क्रमांक उपयोगी. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावाच लागतो. उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत फुकट अपील करता येतं आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ही पायरी कॉल सेंटर आपणहून कधी सांगत नाही. "अपील नोंदवायचंय" एवढं म्हटलं की तक्रार वरच्या माणसाकडे जाताना मी पाहिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते. त्यापुढे उत्तर किंवा दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि सोडताना: आधी ऑटोपे बंद करा, मग अर्ज द्या. राउटर किंवा गच्चीवरची पेटी कंपनीची असेल तर न्यायला आलेल्या माणसाकडून सीरियल नंबरसकट पोच घ्या. तो कागद नसला की काही महिन्यांनी "उपकरण परत केलेलं नाही" म्हणून वसुलीचे फोन सुरू होतात. त्या फोनवर मात्र रीस्टार्ट करायला कोणी सांगत नाही.