औषधं वाढत गेली तरी शुगर उतरेना, कारण डायबेटिसचा प्रकारच वेगळा निघाला : चिंचवडच्या क्लिनिकचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा होणारे. ह्या डायबेटिस क्लिनिकला मी साडेचार स्टार देतीये, अर्धा कापलाय तो जिन्यासाठी आणि फोनसाठी, डॉक्टर मॅडमसाठी नाही. ज्यांच्या घरात कुणाची शुगर गोळ्या वाढवूनही खाली येत नाहीये, माणूस बारीक होत चाललाय आणि वर सगळे त्यालाच बोलतायत, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

पेशंट माझा मोठा भाऊ. वय ४४, चाकणला कंपनीत शिफ्ट ड्युटी, अंगाने पहिल्यापासून सडपातळ, दारू नाही तंबाखू नाही. चाळिशी ओलांडली आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत शुगर निघाली. आधीच्या डॉक्टरांनी (नाव घेत नाही) वय बघून टाइप २ (मोठ्या माणसांचा नेहमीचा प्रकार, इन्सुलिन बनतं पण नीट लागू पडत नाही) लिहिलं आणि मेटफॉर्मिन सुरू केलं. पहिले काही महिने ठीक गेले. मग शुगर चढायला लागली, ग्लिमेपिराइड आलं, त्याचा डोस वाढला, मग डापाग्लिफ्लोझिन आलं, आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७ वरून ८ वर आणि शेवटी ९.८. दर वेळी एकच वाक्य, पथ्य पाळा, चाला. अहो दादाने भात सोडला होता, चहा बिनसाखरेचा, गणपतीत मोदकाला हात लावला नाही, नाइट शिफ्टवरून येऊन चालायला जायचा, तरी वजन उतरतंय आणि शुगर चढतीये. नातेवाईक, शेजारी, कंपनीतले लोक कुणी कारल्याचा रस सांगतंय, कुणी मेथ्या, कुणी जांभळाच्या बियांची पावडर, आणि मागून म्हणायचे की हा बाहेर काहीतरी खात असणार. वहिनी तर त्याचे खिसे आणि डबा तपासायला लागली होती. माणूस आजारी असून चोरासारखा वावरत होता घरात.

आता क्लिनिकबद्दल. पहिल्या भेटीत मॅडमनी पाऊण तास दिला आम्हाला, हे मी वाढवून सांगत नाहीये. नवीन रिपोर्ट बाजूला ठेवून आधी सगळ्यात जुना रिपोर्ट मागितला. शुगर निघाली तेव्हा वजन किती होतं, त्याआधी किती, लघवीला किती वेळा उठावं लागतं, गोळ्या नक्की कधीपासून पुरेनाशा झाल्या, आणि मग एक प्रश्न जो आधी कुणीच विचारला नव्हता, घरात कुणाला थायरॉइड, कोड, संधिवात असं काही आहे का. दादाला स्वतःला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि आमच्या मावशीला कोड आहे. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि दादाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पथ्य पाळत नाही असं मला वाटत नाही. तुमचा प्रकार एकदा तपासून बघू." दादा काही बोलला नाही पण वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्यासाठी ह्या क्लिनिकचे चार स्टार त्या एका वाक्याचे आहेत.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. टाइप १ म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आपल्या डोक्यात तो लहान मुलांचा आजार म्हणून बसलाय पण तो चाळिशीत, पन्नाशीत पण होतो, आणि मोठ्या वयात बऱ्याचदा सावकाश होतो, सुरुवातीला गोळ्यांवर भागतं म्हणून टाइप २ वाटतो. ह्या सावकाश प्रकाराला लाडा म्हणतात. घरी येऊन मी वाचत बसले. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात (१९९७ ला छापलेला) टाइप २ म्हणून नोंदवलेल्या पेशंटपैकी साधारण दहातल्या एकाच्या रक्तात ह्या आजाराच्या अँटिबॉडी (म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटल्याची खूण) सापडल्या होत्या आणि २५ ते ३४ वयाच्या पेशंटमध्ये तर जवळपास तिघांतल्या एकाच्या. तिथल्याच थेरेसा मे, ज्या पुढे पंतप्रधान झाल्या, त्यांना २०१२ ला टाइप २ सांगितलं होतं, गोळ्यांनी भागेना म्हणून परत तपासणी झाली तर टाइप १ निघाला, तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. एवढ्या मोठ्या बाईच्या बाबतीत असं होतं तर चाकणच्या कामगाराच्या बाबतीत होणारच.

टेस्ट दोन सांगितल्या. एक गॅड अँटिबॉडी, म्हणजे तो हल्ला चालू आहे का ते कळतं. दुसरी सी-पेप्टाइड. स्वादुपिंड जेवढं इन्सुलिन बनवतं तेवढंच सी-पेप्टाइड रक्तात सुटतं, म्हणून आपलं स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते त्यातून दिसतं. हे सॅम्पल जेवल्यावर घेतलं आणि त्याच वेळी शुगरही मोजली, कारण शुगर खाली असताना घेतलं तर आकडा कमी दिसून फसगत होते असं मॅडम म्हणाल्या. दादाची गॅड खूप वर आली आणि सी-पेप्टाइड ०.४ नॅनोग्रॅम, तेही शुगर २३० च्या वर असताना. ०.६ च्या खाली म्हणजे टाइप १ च्या बाजूला, १.८ च्या वर म्हणजे टाइप २ च्या बाजूला, मधलं असेल तर थांबून परत बघायचं, असं साधारण गणित आहे. म्हणजे इन्सुलिन बनतच नव्हतं फारसं. गोळ्या काय करणार बिचाऱ्या आणि पथ्य तरी काय करणार.

एक गोष्ट मात्र त्यांनी रिपोर्टची वाट न बघता पहिल्याच दिवशी केली, डापाग्लिफ्लोझिन बंद. हे सगळ्यांनी नीट वाचा कारण २०२० ला त्याचं पेटंट संपल्यापासून हे औषध स्वस्त झालंय आणि खूप जणांना चालू असतं. टाइप २ वाल्यांना चांगलं औषध आहे, मॅडमनी वाईट म्हटलेलं नाही. पण शरीरात इन्सुलिन कमी असेल तर त्याने किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा बनणारे आम्लासारखे पदार्थ) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं आणि फसवं असं की तेव्हा मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतच नाही. दादाला मधे एकदा रात्रभर उलट्या आणि पोटदुखी झाली होती, शुगर दोनशेच्या आसपासच होती म्हणून सगळ्यांनी ॲसिडिटी समजून सोडून दिलं. ते तेच होतं का हे आता सांगता येणार नाही असं मॅडम म्हणाल्या पण तो प्रसंग त्यांनी फाइलला लावला आणि लघवीच्या किटोनच्या पट्ट्या घरी ठेवायला सांगितल्या. आमचं डॉक्टरांनी सांगून बंद केलंय, तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

विश्वास बसायचं दुसरं कारण असं की त्या उठसूट टेस्ट लिहीत नाहीत. मी लगेच म्हटलं आईची पण गॅड करू या, आई वीस वर्षं टाइप २, वजन जास्त, गोळ्यांवर छान चाललंय. तर सरळ नाही म्हणाल्या, गरज नाही, पैसे वाचवा, आणि शंका नसताना टेस्ट केली तर थोडंसं खोटं पॉझिटिव्ह आलेलं माणसाला उगाच घाबरवतं. बारीक माणूस म्हणजे टाइप १ असंही समजू नका म्हणाल्या, आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यांना टाइप २ भरपूर होतो, आपल्या पुण्यातच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे दाखवलंय, वरून सडपातळ आणि आत चरबी. उलटी चूक पण होते, तरुण मुलाला टाइप १ समजून इन्सुलिन लावतात आणि खरं तर घराण्यातून आलेला मोडी नावाचा प्रकार असतो, ज्यातले काही जण साध्या गोळीवर राहू शकतात. म्हणून अंदाजाने नाही, तपासून.

इन्सुलिन शिकवणाऱ्या सिस्टर फार चांगल्या आहेत. दादा सुईला घाबरत होता, त्याच्याकडून पहिलं इंजेक्शन तिथेच बसवून घेतलं. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक एका मिलीला ४० युनिटचं येतं आणि त्याला लाल टोपीची ४० ची सिरिंज लागते, १०० ची नारिंगी टोपीची वापरली तर डोस चुकतो, आणि पेनमधलं १०० युनिटचं असतं ते सिरिंजने ओढायचं नाही, हे त्यांनी वहिनीला पण दोनदा म्हणून दाखवायला लावलं. शुगर लो झाली तर काय करायचं ते पण. डाएटचा तक्ता मात्र पहिल्यांदा दिला तो सकाळी नऊला नाश्ता करणाऱ्या माणसाचा होता, शिफ्टवाल्याला काय उपयोग, सांगितल्यावर बदलून दिला पण विचारायला हवं होतं आधी.

आता तक्रारी. पहिला मजला, लिफ्ट नाही, आणि पेशंटमध्ये गुडघेदुखीवाले म्हातारे अर्धे, हे बरोबर नाही. फोन लागत नाही दुपारचा. अपॉइंटमेंट घेऊनही तासभर बसावं लागतं, पण आत गेल्यावर घाई करत नाहीत म्हणून तेवढं मी माफ केलं. गॅडचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून येतो, आठवडा धरून चाला. दोन्ही टेस्टना साडेचार हजारांच्या आसपास गेले, छोटी रक्कम नाही, पण निरुपयोगी गोळ्यांवर आणि पावडरींवर त्याहून जास्त गेलेत आमचे. दंडावर लावून सतत शुगर मोजणारा दोन आठवड्यांचा सेन्सर त्यांनी सुचवला, जबरदस्ती नाही केली.

आता कसं आहे विचाराल तर वजन परत भरतंय, एचबीएवनसी ७.४ आलंय, आणि दादा थोडा भात खातो, मोजून, इन्सुलिन घेऊन. वहिनीने डबा तपासणं बंद केलंय.

अजून एक काम त्यांनी न मागता केलं. लेटरहेडवर लिहून दिलं की हा टाइप १ आहे, कुठल्याही कारणाने ॲडमिट केलं, उपाशी ठेवलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. कंपनीच्या डॉक्टरांकडे आणि जुन्या सगळ्या कागदांवर अजून टाइप २ च लिहिलेलं आहे, म्हणून त्या पत्राचा फोटो आता सगळ्या घरच्यांच्या मोबाइलमध्ये आहे.

जाणार असाल तर सगळ्यात पहिला रिपोर्ट शोधून न्या, जुने फोटो असतील तर वजनाचा अंदाज यायला तेही न्या, घरातल्यांचे थायरॉइड वगैरे आजार विचारून ठेवा. शनिवार टाळा, गर्दी असते. सी-पेप्टाइडसाठी उपाशी जायचं का जेवून ते आधी विचारून घ्या, फोन नाही लागला तर मेसेजला उत्तर देतात.