भोसरीतलं जॉबवर्क शॉप: मशीनिंग झकास, अ‍ॅनोडायझिंगला जपून

विमानाचे छोटे ब्रॅकेट आणि हाउसिंग बाहेरून करून घेणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू. शॉप भोसरी एमआयडीसीतलं: व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीन), एक सीएमएम (मापं तपासणारं यंत्र), एएस ९१०० (विमान उद्योगाचं दर्जा-प्रमाणपत्र) आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण खालची तक्रार अशा बऱ्याच शॉप्सना लागू पडते.

मटेरियलची शिस्त पाहूनच भरवसा बसतो. ७०७५-टी७३५१ या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर ज्या टोकाला हीट नंबर (धातू कोणत्या ओतीचा ते सांगणारा) असतो ते टोक शेवटपर्यंत राखतात, करवत उलट्या बाजूने चालते. तोच नंबर जॉबकार्डवर उतरतो. नंबर गेलेला तुकडा केवढाही असो, भंगारात. दीड मिलिमीटर भिंतीचा पॉकेट (कोरलेला खळगा) असेल तर आधी दोन्ही बाजूंनी रफिंग (ढोबळ कापणं), अर्धा मिलिमीटर राखून. मग जॉब मोकळा करून, बसण्याची बाजू पुन्हा सपाट करून फिनिश. हा टप्पा गाळला की क्लॅम्प सुटताच जॉब केळ्यासारखा वाकतो. आडव्या भोकांच्या तोंडावरची बर (कापताना उरलेली धारदार कड) ऑपरेटर स्वतःच दहापट भिंगाखाली बघतो, इन्स्पेक्शनची वाट बघत नाही.

आता तक्रार. अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे टाकीत वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवणं, हे लोक पुढे दुसऱ्याला देतात. ड्रॉइंगवर बोअर (नेमक्या मापाचं भोक) १२ एच७, म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिलिमीटर, आणि हार्ड अ‍ॅनोडाइझ ५० मायक्रॉन. थर साधारण अर्धा धातूच्या आत जातो, अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी २५-२५ धरून बोअर ५० मायक्रॉनने आवळणार. शॉपने तेवढं धरून बोअर मोठा काढला, तरी काही जॉबमध्ये गो गेज (किमान मापाला भोक तपासायचा प्लग) जाईना. थराच्या जाडीलाच ±१० मायक्रॉनची सूट. व्यासात तो फरक २० मायक्रॉन होतो. एच७ ची अख्खी टॉलरन्स १८! मशीनवर कितीही नेमकं काढा, हे जुळणारच नाही. अशा बोअरला मास्किंग करून (झाकून) नंतर केमिकल कन्व्हर्जन कोटिंग (अगदी पातळ रासायनिक थर), नाहीतर अ‍ॅनोडाइझनंतर होनिंग (दगडाने घासून माप आणणं). दोन्हींना डिझाइनवाल्यांची लेखी मंजुरी हवी, आणि ती पीओ (खरेदी ऑर्डर) काढण्याआधी.

कागदपत्रांतही तेच. एएस ९१०२ (पहिल्या नगाच्या तपासणीचा अहवाल) चा मापांचा फॉर्म ३ देखणा, ड्रॉइंगच्या नोट्सनासुद्धा बलून नंबर (गोलातला अनुक्रमांक). मटेरियल आणि खास प्रक्रियांच्या फॉर्म २ वर मात्र अ‍ॅनोडायझिंगपुढे सर्टिफिकेट नंबर कोरा. मागितल्यावर नॅडकॅपचं (विमान उद्योगातल्या खास प्रक्रियांची मान्यता) प्रमाणपत्र आलं, ते हीट ट्रीटमेंटचं. स्कोपमध्ये केमिकल प्रोसेसिंग, ज्यात अ‍ॅनोडायझिंग येतं, ते नव्हतंच.

दर भोसरीच्या मानाने चढे, पण मशीनिंगपुरते वसूल होतात. अ‍ॅनोडायझिंगची पीओ स्वतः काढा, आणि हेलिकॉइल (आट्यांत बसवायचे स्टीलच्या तारेचे इन्सर्ट) नंतरच बसवायचे असं जॉबकार्डवर लिहून घ्या: स्टीलचा इन्सर्ट टाकीत गेला तर तोही खराब होतो आणि भोवतीचे आटेही.