एमजीबी गाडीचे लुकास बुलेट (वायर जोडायचे पितळी जॉइंट) काढून सुपरसील कपलर (वॉटरप्रूफ प्लास्टिक जोड) बसवले, अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

वर्कशॉपवाल्याने "पूर्ण वायरिंग किट बदला, दुसरा इलाज नाही" असं सांगून नुसत्या तपासणीची अर्ध्या दिवसाची मजुरी लावली ना, तेव्हाच ठरवलं की यापुढे या गाडीच्या वायरला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. बाकी स्पेक तुम्हाला माहीत आहेतच, नसतील तर कुठेही मिळतील, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्यात, दुर्मिळ वगैरे काही नाही.

झालं असं की कॉव्हेंट्रीहून बर्मिंगहॅमला येताना ए-४५ वर भर पावसात गाडीतल्या पेट्रोल ढकलणाऱ्या इलेक्ट्रिक पंपाची टिकटिक थांबली. ज्यांच्याकडे एसयू कंपनीचा हा पंप आहे त्यांना हा थांबलेला आवाज बरोबर कळतो, आधी इंजिन एकदा कण्हतं आणि मग गाडी गप. मागच्या उजव्या चाकाजवळ हात घालून पंपावर दोन टोले दिले, चालू. दोन मैलांवर परत बंद. आता टोला मारून चालू होतो म्हणजे पंपातले काँटॅक्ट पॉइंट गेले असं सगळेच सांगतात, वर्कशॉपनेही तेच सांगितलं, वर गाडीचं इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीवरचा तोच जुना विनोद, दिवे विझतात म्हणून अंधाराचा राजपुत्र वगैरे. बर्मिंगहॅममध्ये राहून लुकासवरचा तो विनोद ऐकायचा मला आता कंटाळा आलाय. कंपनी याच गावची, ग्रेट किंग स्ट्रीटवर कारखाना होता, आणि आपल्याकडे चेन्नईच्या लुकास-टीव्हीएसचे सेल्फ नि डायनॅमो किती ट्रकांनी वर्षानुवर्षं ओढलेत ते आपल्या कुठल्याही वायरमनला विचारा.

मग मीटर घेऊन बसलो. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पंप चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर ९.१. म्हणजे तीन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गडप! टोला मारला की सगळंच हलत होतं, त्यात लूज काँटॅक्टही हलून घटकाभर लागत होता, पॉइंट बिचारे ठणठणीत. पंपाच्या पांढऱ्या वायरवर या गाडीत फ्यूजही नाही, म्हणजे फ्यूज उडून कळेल अशी सोय नाही. दोष कुठे होता तर मागे पांढऱ्या वायरच्या एका बुलेट जॉइंटमध्ये आणि पंपाच्या अर्थच्या (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो तो जोड) स्क्रूखाली. बस. यासाठी पूर्ण किट?

ही टेस्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण अर्धे लोक वायर काढून ओहम मोजत बसतात आणि त्यात काही दिसत नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर, जो लोड तपासायचा तो चालू ठेवायचा, एक प्रोब जॉइंटच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. जे व्होल्ट दिसतील ते त्या जॉइंटने खाल्लेले. चांगल्या जॉइंटवर ०.१ व्होल्टच्या आतच यायला हवं. अर्थच्या बाजूलाही हेच करा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या बॉडीपर्यंत. तो भाग सगळे विसरतात.

आता त्या बुलेट जॉइंटविषयी. वायरच्या टोकाला पितळेची गोळी, ती बसते पितळेच्या चिरलेल्या नळीत, आणि नळीवर काळा रबरी स्लीव्ह. डिझाइन वाईट नाही, पन्नास वर्षं चाललंय म्हटल्यावर वाईट म्हणायची माझी हिंमत नाही. पण स्लीव्हची दोन्ही तोंडं उघडी, रबर कडक झालं की पाणी आत शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट आमटी ठेवल्यावर जे होतं तेच. मी स्लीव्ह कापून बघितला तर आत हिरवा कळक, नळीची स्प्रिंग गेलेली, गोळी नुसती आत पडल्यासारखी.

ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या पुढे हेडलाइटच्या बुलेटांचा जो जुडगा असतो तिथे तर सगळं पाणी समोरून येतं. डिपरला ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साधारण ९ अँपिअर, त्या वाटेत कुठे नुसता ०.१ ओहम आला तरी जवळपास एक व्होल्ट गेला आणि आठेक वॉटची उष्णता त्या रबरात. आणि हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. माझ्याकडे बल्बवर १०.६ येत होते, इंजिन चालू असताना. मी आजवर समजत होतो जुन्या गाडीचे लाइट असेच पिवळे असतात.

कपलर कुठले घ्यायचे यावर फार डोकं लावलं नाही. डॉइच डीटी मस्त, १३ अँपिअर, ट्रॅक्टर-ट्रकसाठी केलेले, पण एवढे धटिंगण की ग्रिलमागच्या भोकातून जातच नाहीत, शिवाय त्यांच्या सॉलिड पिना वायरवर दाबून बसवायचा क्रिम्पर बघूनच मी टॅब बंद केला. सुपरसील १.५ घेतले. लहान, १४ अँपिअर, वॉटरप्रूफ, युरोपातल्या मोटरसायकलींवर ढिगाने असतात. टर्मिनलला आतून कल्हई. एक लक्षात ठेवा, यात १.५ चौरस मिलिमीटरपर्यंतचीच वायर जाते. लुकासची १४/०.३० म्हणजे १४ तारा ०.३ मिलिमीटरच्या, साधारण १ चौरस मिमी, ती बसते. २८/०.३० म्हणजे २, ती नाही बसत. ४४/०.३०च्या जाड तपकिरी मेन वायरचं तर नावच नको. म्हणजे लाइटकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांना सुपरसील, मुख्य खोडाला नाही.

आणि आता ते रबरी सील. मंडळी, माझं सगळं आयुष्य त्या तांदळाएवढ्या सीलने खाल्लंय. प्रत्येक वायरला एक. आधी वायरमध्ये ओवायचं, मग वायर सोलायची, मग टर्मिनलच्या पुढच्या पाकळ्या तांब्यावर आणि मागच्या पाकळ्या त्या सीलवर, एकाच वेळी. ओवायला विसरलात तर टर्मिनल कापा आणि पुन्हा. जुन्या लुकास वायरचं पीव्हीसी कव्हर जाड, सीलचं भोक आजकालच्या थिनवॉल वायरच्या मापाचं, त्यामुळे सिलिकॉन ग्रीस लावून पिळून पिळून चढवावं लागतं, एक घरंगळून ड्राइव्हवेवर पडलं की गेलं, काळं सील काळ्या डांबरावर. बायको खिडकीतून विचारते काय शोधताय, काय सांगणार.

पण खरा घोळ पुढे. माझ्याकडचा साधा ओपन-बॅरल क्रिम्पर तांब्यावर छान इंग्रजी बी आकार दाबतो, पण मागच्या पाकळ्यांनाही तोच आकार देतो, आणि त्या पाकळ्यांची टोकं सीलच्या रबरात घुसतात. वरून बघाल तर झकास. भिंग घेऊन बघितलं तर सील दोन ठिकाणी फाटलेलं. सीलवाल्या टर्मिनलसाठी मागचा साचा गोल लागतो, रबराला नुसती मिठी मारणारा. म्हणजे वेगळा रॅचेट क्रिम्पर. त्याची किंमत सगळे कपलर, टर्मिनल, सील एकत्र केले तरी त्याहून जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. दोन आठवडे मी तो कार्टमध्ये टाकून काढत होतो. शेवटी घेतला, कारण पक्कडीने दाबलेलं टर्मिनल म्हणजे पुन्हा तेच लूज काँटॅक्ट, फक्त महाग प्लास्टिकमध्ये बसवलेलं. घेतल्यावर मात्र पहिल्याच क्रिम्पला जो कटक्‌ आवाज आला, आहाहा. ओढून बघा, तार तुटेल पण टर्मिनल सुटणार नाही.

सोल्डर का नाही असं विचारणार असाल तर, सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे वायर ताठ होते, या गाडीची थरथर बघता बरोबर तिथेच तुटते.

सुपरसीलची सगळ्यात मोठी अडचण मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही. लुकासच्या मोठ्या स्लीव्हमध्ये चार बुलेट एकत्र येतात, म्हणजे मेनमधून आलेली निळी-लाल वायर तिथेच डाव्या आणि उजव्या डिपरला वाटली जाते. सुपरसीलमध्ये एक पिन समोरच्या एकाच पिनला. मग वाटणी कुठे करायची? दोन वायर एका टर्मिनलमध्ये दाबता येतात पण सीलचं भोक एकाच गोल वायरसाठी, दोन वायरींच्या मध्ये जी फट राहते तिथून पाणी सरळ आत. मी साइडलाइटच्या लाल वायरींना एका ठिकाणी हा प्रयोग केला, बाकीकडे वायरलाच क्रिम्प स्प्लाइस मारून वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). गोंदवालीच हं! पुण्याला गेलो होतो तेव्हा तापकीर गल्लीतून स्वस्तात एक बंडल आणलं होतं, ते साधं निघालं, ते नुसतं आवळतं, पाणी थांबवत नाही. आतून चिकट थर असलेली घ्या, तापवल्यावर टोकातून गोंद किंचित बाहेर दिसला पाहिजे.

तर नोव्हेंबरपर्यंत पुढचे लाइट, इंडिकेटर, मागचा पंप, मागचे लाइट आणि उत्साहाच्या भरात डॅशबोर्डखालचाही अर्धा पसारा सुपरसीलवर नेला. सोबत हेडलाइटला रिले (किरकोळ करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच). बल्बवर आता १३.४ व्होल्ट. पंपावर इंजिन बंद असताना १२.२. पाऊस, मीठ, सगळ्यात गाडी चालवली, क्लासिकवाले लोक हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतात आणि मला नावं ठेवतात, ठेवू देत. पंप एकदाही थांबला नाही. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

फेब्रुवारीत उगाच कुतूहल म्हणून पुढचे काही कपलर उघडले. बहुतेक आतून कोरडे, कल्हई चकचकीत. तो दोन वायरींचा लाल कपलर मात्र पाण्याने भरलेला, अपेक्षितच होतं. धक्का दुसऱ्या एकाने दिला. डाव्या हेडलाइटचा, सील शाबूत, क्रिम्प गोल, आणि तरी आत थेंब. डोकं खाजवत बसलो. पाणी बाहेरून आलंच नव्हतं, ते हेडलाइटच्या वाटीतल्या उघड्या टोकाकडून वायरच्या आतून, तारांच्या मधून झिरपत आलं होतं! दिव्यातली वात तेल ओढते तसं. आणि बुलेटमधून निदान वाऱ्याने वाळून तरी जातं, या हवाबंद डबीत आलेलं पाणी जाणार कुठे? म्हणजे वॉटरप्रूफ कपलर लावायचा असेल तर वायरचं पलीकडचं टोकही बंद करावं लागतं. आता तिथेही गोंदवाली हीटश्रिंक आहे, त्यानंतर कोरडं आहे.

त्यामुळे डॅशबोर्डखालचं माझं मत आता पूर्ण बदललंय. तिथले सगळे सुपरसील काढून परत बुलेट लावले, नवे पितळी बुलेट, नवे स्लीव्ह, किंचित व्हॅसलीन. तिथे पाणी येत नाही, सीलचा उपयोग शून्य. शिवाय दोष शोधताना बुलेट एक एक ओढून मीटर लावता येतो, एक वायर वेगळी करायची तर तेवढीच निघते. सुपरसील उघडला की सगळ्या वायर एकदम सुटतात, आणि लागलेल्या अवस्थेत मागून प्रोब घालायचा तर परत तेच सील भोसकायचं. पायाशी उलटं पडून, डोक्यावर क्लचचं पेडल, हातात टॉर्च, आणि लॉकची ती चिमुकली पट्टी थंडीने बधिर झालेल्या बोटांनी दाबायची. नको रे बाबा.

श्रेयाची वाटणीही नीट करतो, नाहीतर सगळे उठून सुपरसील मागवतील. लाइट उजळले ते मुख्यतः रिलेमुळे, कारण ९ अँपिअर आता त्या जुन्या स्विचमधून जातच नाहीत, तिथून फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो. पंप सुधारला त्यात निम्मं काम अर्थचं, स्क्रूखालचा रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला आणि नवी काळी वायर ओढली. फ्यूज बॉक्सही बघा, क्लिप पुढून चकचकीत केल्या तरी मागे जिथे रिव्हेट आहे तिथे कळक असतो, माझ्याकडे हिरव्या वायरींच्या सर्किटचा अर्धा व्होल्ट तिथेच जात होता, शेवटी बॉक्सच नवा घातला. यातलं काहीही करून गाडीचा हिस्टॉरिक दर्जा जात नाही, चाळीस वर्षांवरच्या गाडीला टॅक्स आणि एमओटीची (इथली दरवर्षीची फिटनेस तपासणी) जी माफी आहे ती तशीच राहते, कोणीतरी मला उगाच घाबरवलं होतं.

सध्याची स्थिती: पुढचे लाइट, पंप आणि मागचे लाइट सुपरसीलवर, बाकी सगळं पितळी बुलेट. मागच्या उजव्या इंडिकेटरची हिरवी-पांढरी वायर अजून जुन्याच जॉइंटवर आहे, ती एप्रिलमध्ये करेन, सील संपलेत. सीलचं पाकीट वेगळं मिळतं पण शंभराचंच, आणि मला लागणार दोन, त्यामुळे कोणी इथे आसपास हेच काम करत असेल तर पाकीट अर्धं अर्धं घेऊ. क्रिम्परही देईन वापरायला, फक्त डिपॉझिट ठेवावं लागेल आणि ते किती हे आत्ताच विचारू नका.