टपावरच्या कॅरिअरपायी १६,२०८ रुपये गेले, वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या

आधी हिशोब सांगते, नंतर कोणी विचारायला नको. ४९९ बुकिंग, ६,५०० उरलेली रक्कम, १,८५० फिटिंग किट, २,३६० आरटीओ सर्टिफिकेट आणि ४,९९९ डिपॉझिट. एकूण १६,२०८. सगळे यूपीआयने, सगळे माझ्या खात्यातून, आणि हसू येईल पण मी चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला आहे. दिवसभर व्हेंडरच्या बिलात खोट काढायची, कोटेशन घासायची, जीएसटी नंबर बघायचे, ह्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे "अशिक्षित लोक फसतात" असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं जरूर वाचा.

आमची गाडी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक. शहरात एक नंबर, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर बाकीचे पेट्रोल जाळत बसतात आणि आपण गार एसीत. पण डिकी म्हणजे नावापुरती. त्यात चार्जरची पिशवी ठेवली की उरलेल्या जागेत दोन बॅगा, बास. गणपतीला आम्ही गुहागरकडे गावी जातो, साताऱ्यावरून उंब्रज, पाटण, मग कुंभार्ली घाट. दोन मुलं, सासूबाई, मखराचं सामान, शिवाय सासूबाई येताना नारळ आणि तांदूळ आणल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून टपावर कॅरिअर पाहिजे होतं, हौस म्हणून नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्या दिराने "गाडी नटवायला गेली आणि लुटली गेली" असं सगळ्या नातेवाइकांत पसरवलंय.

पहिल्यांदा मी नाना पेठेत गेले होते, बरं का. गाड्यांचं सामान घ्यायचं तर अख्खं पुणं तिकडेच जातं, मीही गेले. दुकानदाराने गाडीकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "ह्याला नाही बसत." का नाही बसत? "टप प्लेन आहे ना. नाही बसत." दुसरं काही करता येईल का विचारलं तर उत्तर नाही, आणि नंतर जे काही बोलला ते माझ्या नवऱ्याशी, जो गाडीत बसून मोबाइल बघत होता आणि ज्याला कॅरिअर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. गाडी माझी, पैसे माझे, प्रश्न माझे आणि उत्तर ह्यांना. डोकं सटकलं माझं. आता कळतंय की त्या खडूस माणसाने जे तीन शब्द सांगितले ते खरे होते, फुकट होते, आणि ज्याने मला "मॅडम, मॅडम" करून आदराने सगळं समजावलं तो चोर निघाला. पण एक वाक्य जास्त बोलला असता तो दुकानदार तर काय बिघडलं असतं त्याचं?

तर ती जाहिरात. मोबाइलवर दोन दिवस कॅरिअर शोधलं की तिसऱ्या दिवसापासून तीच जाहिरात मागे लागते हे सगळ्यांना माहीतच आहे. माझ्याच मॉडेलचं नाव, वर "ईव्ही स्पेशल", दोन आडवे अ‍ॅल्युमिनियम बार, १४,९९९ वर काट मारून ६,९९९, पत्ता भोसरी एमआयडीसी, फिटिंग घरपोच फ्री. व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच रिप्लाय. मराठी अगदी आपल्यासारखं, म्हणजे कुठूनतरी परराज्यातून बोलतोय असं अजिबात वाटलं नाही, उलट "कोथरूडला आमचा मुलगा शनिवारी येतोच" वगैरे. मी फोटो मागितला. मी मागितला, हे लक्षात घ्या, कारण नवरा म्हणतो तू काहीच चौकशी केली नाहीस. त्याने फोटो पाठवला, माझंच मॉडेल, निळा रंग, वर कॅरिअर, खाली "बाणेरचे कस्टमर, कालच बसवलं".

त्या फोटोतल्या गाडीची नंबर प्लेट पांढरी होती.

पांढरी! आपल्याकडे इलेक्ट्रिक गाडीला हिरवी प्लेट असते, २०१८ पासून नियमच आहे तसा, आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडताना ह्याच हिरव्या प्लेटचा मी शंभर वेळा उल्लेख केलाय. फोटोतली गाडी त्याच मॉडेलची पेट्रोलवाली होती, कुठूनतरी उचललेला फोटो. मी तो झूम करून बघितला, बारचा रंग बघितला, रबर बघितलं, ताडपत्री कशी बांधली ते बघितलं. प्लेटवर माझी नजर गेलीसुद्धा असेल, कारण नंतर मला ती पांढरी आठवली. पण त्या वेळी सासूबाई मागून विचारत होत्या, मखराचा खोका आडवा ठेवायचा की उभा, आणि ऑफिसचा कॉल चालू होता, आणि मी अंगठा दाखवून मोकळी झाले. रात्री झोपताना अजून ती प्लेट डोळ्यांसमोर येते. प्रत्येक व्हेंडरकडून टेस्ट रिपोर्ट मागणाऱ्या बाईला प्लेटचा रंग दिसू नये! पण तुम्ही मला सांगा, कॅरिअर बघायला फोटो उघडल्यावर कोण नंबर प्लेट बघतं? कोणीच नाही, म्हणून तर हे लोक जगतात.

दुसरी गोष्ट मला आता कळलीय, ती तुम्ही आधीच समजून घ्या. खरा कॅरिअरवाला पहिला प्रश्न गाडीच्या टपाचा विचारतो. टपावर उंच रेल आहेत, की टपाला चिकटलेल्या, की आतून नटबोल्टचे पॉइंट दिलेत, की नुसता प्लेन पत्रा. प्लेन असेल तर बारचे पाय दरवाज्याच्या चौकटीत हुकने धरतात आणि तो हुक त्या त्या मॉडेलच्या वाकानुसार वेगळा असतो. थुलेसारख्या कंपन्या बार वेगळे, पाय वेगळे आणि मॉडेलप्रमाणे किट वेगळं विकतात ते ह्याचसाठी. माझ्यावाल्याने काहीच विचारलं नाही. मी स्वतःहून सांगितलं की रेल नाहीत, तर म्हणाला "युनिव्हर्सल आहे मॅडम, कशालाही बसतं". वजन किती चालेल? "दीडशे किलो आरामात." छोट्या गाड्यांच्या टपाला जिथे मर्यादा दिलेली असते तिथे ती साधारण ५० ते ७५ किलोच्या घरात असते आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तर टपावरच्या वजनाचा आकडाच नाही, म्हणजे कंपनीने टपावर काही ठेवायला सांगितलेलंच नाही. पण मॅन्युअल मी हे सगळं झाल्यावर उघडलं, कोण उघडतं आधी.

रेंजचंही, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याचंही, तसंच. "रेंज लॉस झिरो, टेस्टेड" असा एक तक्ताच त्याने पाठवला होता. अहो, टपावर काही ठेवलं की वारा अडणारच, आणि स्पीड दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, ४० वरून ८० ला गेलात की बॅटरी कशी उतरते बघा. घाटात वजनाने जास्त खर्च झाला तर उतारावर रीजनने, म्हणजे गाडी हळू होताना बॅटरी चार्ज होते त्याने, थोडंफार परत मिळतं, वाऱ्याने खाल्लेलं काही परत मिळत नाही. झिरो म्हणणारा माणूस एकतर गाढव किंवा लबाड.

पैसे कसे गेले ते पटकन सांगते, पद्धत तुम्हाला माहीत आहेच. ४९९ रिफंडेबल म्हणून. मग डिस्पॅचच्या आधी ६,५००. इथे यूपीआयच्या स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कोणातरी माणसाचं नाव आलं, मी विचारलं, तर "मालकांचं पर्सनल आहे, करंट अकाउंटचं लिमिट संपलं". ऑफिसात मी असं बिल दारातून परत पाठवलं असतं. पण घरच्या ६,५०० रुपयांसाठी कोण कॅन्सल चेक मागतं? मग "ईव्हीला किट वेगळं लागतं", १,८५०. (ईव्हीला कसलं वेगळं, टप तोच असतो, बॅटरी खाली असते.) मग सर्टिफिकेट. ह्यात खरा दोषी माझा नवरा, कारण त्याने कुठेतरी वाचलं की गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि १८२ अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० दंड होऊ शकतो. त्यात खोटं काही नाही, पण त्याने ते मला रात्री अकरा वाजता ऐकवलं आणि मी घाबरून त्या माणसालाच विचारलं. तो तर वाटच बघत होता. २,३६० मध्ये "एआरएआय अप्रूव्ड, आरटीओ नोंदणीकृत" असं पीडीएफ आलं, वर तीन सिंह, गोल शिक्का, सही. एआरएआय कुठे आहे? वेताळ टेकडीवर! रविवारी ज्या टेकडीवर आम्ही फिरायला जातो तिथे. ती संस्था गाड्या आणि पार्ट तपासते ते बनवणाऱ्या कंपन्यांसाठी, माझ्या नावाने सर्टिफिकेट कशाला देईल. आणि त्यावर नोंदणी कार्यालयाचा कोड एमएच-१४, म्हणजे पिंपरी-चिंचवड, माझी गाडी एमएच-१२. आरटीओची फी परिवहनच्या पोर्टलवर भरतात, कोणाच्या खासगी यूपीआयवर नाही, हे पाठ करून ठेवा.

शेवटचे ४,९९९ "फिटरच्या इन्शुरन्सचं डिपॉझिट, काम झालं की लगेच परत". इथे मला वास आला होता, पण ११,२०९ आधीच अडकले होते आणि गणपती तोंडावर.

पार्सल आलं मात्र. हे फार हुशारीचं काम आहे, कारण पार्सल आलं की तुम्ही आणखी काही दिवस गप्प बसता. खोक्यात दोन पाइप, कपाटात हँगर लावायला असतात तसे, दोन रबरी बूच आणि चार नट. फिटर आलाच नाही. मग फोन बंद, मग ब्लॉक. तेव्हा कुठे मी बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकला. सुरुवातीचे दोन आकडे २४, म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचे २७ असतात, आणि फर्म निघाली कपड्यांची. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

आता खरी चीड. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लागलीच फोन करा असं सगळे सांगतात, बरोबरच सांगतात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर अडवता येतात. पण माझं शेवटचं पेमेंट होऊन पार्सल येईपर्यंत दिवस उलटले होते. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, तो घेऊन चौकीत गेले. "साहेब बंदोबस्ताला आहेत." बरं. परत गेले. "पैसे कुठून पाठवले?" घरून. "घर आमच्या हद्दीत, पण दुकान भोसरीत ना?" दुकान नाहीच्चे हो तिथे, तेच तर सांगतेय! "मग खातं कुठलं?" मला काय माहीत खातं कुठलं, ते शोधायला तर तुम्ही आहात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी प्रिंट काढून नेलं तर समोरचे म्हणाले, "मॅडम वकील आहात का?" मग अर्ज लिहा, मग अर्ज असा नाही तसा लिहा, मग बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा, मग झेरॉक्स आमच्याकडे होत नाही, समोर जा. वर एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं, "लोकांचे पन्नास पन्नास लाख जातात, तुमचे सोळा हजार, सोडून द्या." का सोडून देऊ? पन्नास लाखवाल्याचं काम केलं का तुम्ही मग? चोराला बरोबर माहितीय की सोळा हजारासाठी इथे कोणी खुर्चीतून उठणार नाही, म्हणून तर तो सोळा हजारच घेतो आणि शंभर जणांकडून घेतो.

बँकेत तर आणखी मजा. काउंटरवरच्या पोराने "पिन तुम्हीच टाकला ना" एवढं एकच वाक्य पकडून ठेवलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही वगैरे, ते मी दाखवलं, तर ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे म्हणाला. हे त्याचं बरोबर आहे, मान्य. पण समोरचं खातं तुमच्यासारख्याच कुठल्यातरी बँकेने केवायसी करूनच उघडलंय ना? त्याचं नाव, पत्ता, फोटो असेल ना तिथे? "ते गोपनीय असतं मॅडम." म्हणजे माझे पैसे उघड्यावर आणि चोराचा पत्ता गोपनीय. शेवटी कळलं की त्या खात्यावर होल्ड लागलाय आणि त्यात शिल्लक आहे २१२ रुपये.

ज्यांना कॅरिअर घ्यायचंच आहे त्यांनी गाडीच्या कंपनीच्या अ‍ॅक्सेसरी यादीत आधी बघा, आणि मॅन्युअलमध्ये टपाच्या वजनाचा आकडा नसेल तर विषय सोडा. घेतलंत तरी बसवताना समोर उभे राहा आणि पैसे बसवल्यावर द्या. स्क्रीनशॉट आणि चॅट डिलीट करू नका, मी रागाने अर्धं चॅट उडवलं आणि चौकीत तेच मागितलं. यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक पेमेंटचा व्यवहार क्रमांक, लिहून ठेवा. वस्तू खोटी निघाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे दुकान खरं असावं लागतं, माझ्यासारखं हवेतलं नाही. अर्जात भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि आयटी अ‍ॅक्टचं ६६ डी ही फसवणुकीची कलमं स्वतःच लिहा, कोणी सुचवणार नाही.

आणि हो, आता मला "रिफंड डिपार्टमेंट"मधून फोन येतायत. एक बाई, फार गोड बोलते, माझी अचूक रक्कम तिला माहीत, १६,२०८, पैशापर्यंत. क्यूआर पाठवते, स्कॅन करून पिन टाका म्हणते, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, लागला तर ते जाणारे पैसे आहेत. तिचा नंबर, क्यूआर आणि क्यूआरवरचं नाव घेऊन मी परत चौकीत गेले होते, म्हणलं चालू असलेला नंबर आहे, आत्ता फोन केलात तर उचलेल. त्यांनी मला त्यासाठी वेगळा अर्ज लिहायला सांगितलाय.