शेऱ्यामागचा प्रसंग शोधायला शिकवणारे दोन शनिवार: दादरमधील एका कार्यशाळेचे परीक्षण

‘संवादकौशल्यात सुधारणेस वाव आहे,’ एवढेच वाक्य गेल्या मार्चच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे लिहिलेले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षीही जवळजवळ तेच होते. बॅलार्ड इस्टेटमधील एका कस्टम्स क्लिअरिंग कंपनीत, म्हणजे ग्राहकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या कंपनीत, मी ११ वर्षे नोकरी करते. हा शेरा माझ्या इंग्रजीवर आहे असा माझा ठाम समज झाला होता आणि त्या समजापायी मी आठ महिने स्पोकन इंग्लिशच्या वर्गाची फी भरली. तरीही पुढच्या वर्षी शेरा तसाच आला, तेव्हा एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी दादर पश्चिमेला नोकरदारांसाठी भरणाऱ्या एका कार्यशाळेत नाव नोंदवले. कार्यालयात मिळणाऱ्या अभिप्रायाचा स्वतःच्या प्रगतीसाठी उपयोग कसा करावा, एवढाच तिचा विषय होता. ती चालवणारी संस्था लहान आहे आणि पुढे मला तिच्या उणिवाही लिहायच्या आहेत, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

कार्यशाळा दोन शनिवारांची होती. शुल्क ३,५०० रुपये, वेळ सकाळी दहा ते पाच. हॉल आणि जेवण दोन्ही ठीक होते. शिकवणाऱ्या बाई एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागातून निवृत्त झालेल्या आहेत आणि त्यांचे बोलणे स्वच्छ, मुद्देसूद मराठीत असते. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला आपल्याला मिळालेला शेरा जसाच्या तसा लिहायला सांगितला. त्याखाली प्रसंग, वर्तन आणि परिणाम असे तीन रकाने आखून ते भरायला सांगितले. ही रीत मूळ अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची असून ती सहसा अभिप्राय देणाऱ्याला शिकवली जाते; बाईंनी मात्र ती घेणाऱ्याच्या हाती दिली. आम्ही बावीस जण होतो आणि आमच्यापैकी एकालाही पहिला रकाना भरता आला नाही. शेरा सगळ्यांना तोंडपाठ होता, पण तो कोणत्या दिवशीच्या कोणत्या गोष्टीवरून पडला, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दोन शनिवारांमधील आठवड्यात करायचे काम एकच होते. आपल्या वरिष्ठांकडे जायचे आणि ‘मी कुठे कमी पडते?’ असे मोघम न विचारता, ‘माझ्या बोलण्यामुळे तुमचे काम अडले किंवा वेळ गेला, असा गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग सांगाल का?’ असे विचारायचे. उत्तर मिळाल्यावर खुलासा न करता ते लिहून घ्यायचे. खुलासा न करणे हेच यातले सर्वांत अवघड काम आहे, असे बाई म्हणाल्या होत्या, आणि ते खरे ठरले. मी बुधवारी संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, न्हावा शेव्याचा तो कंटेनर सुटला का? तुम्ही मला बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सकडे भरायचे विवरणपत्र) कधी भरली, कोणतं सर्टिफिकेट राहिलं, पार्टीचा मेल कधी आला, सगळं सांगितलंत. नाही सुटला, उद्या दुपारपर्यंत सुटेल, हे मला शेवटी कळलं. तोवर पार्टी फोनवर थांबली होती.’ सर्टिफिकेट उशिरा येण्यात माझी काही चूक नव्हती, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून मी त्यांचे बोलणे वहीत उतरवले. दोन वर्षे जो शेरा मी इंग्रजीच्या माथी मारत होते, त्याचा इंग्रजीशी काडीचाही संबंध नव्हता. मी उत्तराआधी इतिहास सांगत होते.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी यामागचे कारण उलगडून सांगितले. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ साली अभिप्रायाच्या ६०७ परिणामांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. अभिप्रायाने सरासरीने काम सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट घसरते, असे त्यांना आढळले. लक्ष कामावरून उडून ‘मी माणूस म्हणून कसा आहे’ याकडे वळले की अभिप्रायाचा गुण येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या आठ महिन्यांच्या फीचा हिशेब मला त्या एका वाक्यात मिळाला. सरकारी नोकरीतील एका गृहस्थांनी गोपनीय अहवालाचा विषय काढला, तेव्हा बाईंनी देव दत्त खटल्याची माहिती दिली. केवळ प्रतिकूल शेरेच नव्हे, तर गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात २००८ साली दिला. देव दत्त यांना मिळालेली नोंद ‘चांगला’ अशी होती आणि बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होते. वरवर स्तुतीचा दिसणारा शब्दच त्यांची वाट अडवून बसला होता. गुळमुळीत शेऱ्याने केवढे नुकसान होते, हे याहून स्पष्ट करून सांगता येईल असे मला वाटत नाही.

आता उणिवा. बोलणे सगळे मराठीत असूनही वाटलेले कागद केवळ इंग्रजीत होते, हे मला खटकले. सहा आठवड्यांनी येणार असलेला पाठपुराव्याचा फोन दहाव्या आठवड्यात आला. पण खरी त्रुटी वेगळी आहे. एका ताईंना ‘फार तोडून बोलता’ असा शेरा होता, आणि त्यांच्याच विभागातील एका पुरुष सहकाऱ्याच्या तशाच बोलण्याला ‘ठामपणा’ म्हटले गेले होते. त्यांनी हे मांडले, तेव्हा ‘तो समोरच्याचा दृष्टिकोन समजा’ एवढे म्हणून बाई पुढे गेल्या. हे योग्य झाले नाही. पक्षपाती शेरा पचवायला शिकवणे हे प्रगतीचे शिक्षण नव्हे. खरे तर प्रसंग विचारण्याची हीच रीत तिथे कामाला आली असती: दोनदा लेखी विचारूनही वरिष्ठ एकही प्रसंग सांगू शकत नसतील, तर तो मेल आणि त्याला न आलेले उत्तर जपून ठेवावे आणि पुढच्या अप्रेझलला समोर ठेवावे. एवढे सांगायला दहा मिनिटे पुरली असती.

मी आता सोमवारच्या मीटिंगला जाताना वहीत प्रत्येक फाइलपुढे आधी एका ओळीत उत्तर लिहून नेते: सुटला, नाही सुटला, कधी सुटेल. कारण विचारले तरच सांगते. तीन महिन्यांनी सरांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी या वेळी निराळा प्रसंग सांगितला. डिटेन्शन, म्हणजे कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस अडकल्याचा आकार, लागणार हे मला सकाळीच दिसत होते, पण मी ते संध्याकाळी सातच्या मेलमध्ये कळवले होते. तोही मी लिहून घेतला आहे आणि सध्या त्यावर काम सुरू आहे.

ज्यांचे वरिष्ठ प्रामाणिक आहेत पण मोघम लिहितात, त्यांनी या कार्यशाळेला अवश्य जावे. ज्यांच्यावर अन्याय होतो आहे, त्यांना ती अपुरी पडेल. संस्था हीच कार्यशाळा एका रविवारात उरकण्याचा वर्गही घेते. नाव नोंदवताना दोन शनिवारांचाच वर्ग मागावा, कारण मधला आठवडा काढून टाकला तर मी तिचे ३,५०० रुपये भरणार नाही.