नौपाड्यातील दगडांचे दुकान: अकीक निःशंक घ्यावा, पिरोजा तपासून घ्यावा

ठाण्यात नौपाड्यातील एका गल्लीत पॉलिश केलेल्या शोभेच्या दगडांचे लहानसे दुकान आहे. गेल्या दोन महिन्यांत मी तेथे तीनदा गेलो आणि घरातील कपाटासाठी व भाचीला भेट देण्यासाठी काही दगड घेतले.

या दुकानात जावे ते अकीकासाठी. गुजरातेतील खंबायत येथून आलेल्या या दगडांचे पट्टे स्पष्ट असून पॉलिश आरशासारखे आहे. अकीक हा स्फटिकाच्याच, म्हणजे आपल्या गारगोटीच्या कुळातला. अतिसूक्ष्म कणांच्या सिलिकेचे थर खडकाच्या पोकळीत एकावर एक साचून तो तयार होतो. त्याचे काठिण्य मोह्स मापनात, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 अशा श्रेणीत, 6.5 ते 7 भरते, त्यामुळे चाकूचा ओरखडा त्यावर उमटत नाही आणि चकाकी वर्षानुवर्षे टिकते. लालसर तुकडे भट्टीत तापवलेले आहेत, उष्णतेने आतल्या लोहाचा रंग पालटतो, हे दुकानदारांनी मी विचारण्याआधीच सांगितले. ही पद्धत फार जुनी आणि व्यापारात सर्वमान्य आहे. तरीही न विचारता सांगणारा विक्रेता मला विशेष वाटला. भडक गुलाबी आणि निळ्या चकत्या मात्र रंगवलेल्या असतात, त्या मी घेतल्या नाहीत.

दुसऱ्या फळीवर आपल्या मातीतले दगड आहेत: जळगाव भागातील अपोफिलाइट आणि गुलाबी छटेचा स्टिल्बाइट. ठाण्याजवळचे येऊरचे डोंगर ज्या बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, आहेत, त्याच दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांत ही खनिजे वाढली. अपोफिलाइट एका पातळीत सहज दुभंगतो आणि स्टिल्बाइट मऊ असतो, म्हणून त्यांना घासून गुळगुळीत न करता नैसर्गिक रूपातच विकणे योग्य, आणि येथे तसेच केले आहे. हिरवट अपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे येतो. तो तुकडा मी 850 रुपयांना घेतला आणि किंमत मला रास्त वाटली.

आता तक्रार. ‘पिरोजा’ अशी पाटी लावलेल्या ट्रेमधून मी निळे खडे घेतले. घरी नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात भिजवलेला कापूस त्यांवर फिरवला, तेव्हा तो निळा झाला आणि खालून राखाडी शिरांचा पांढरा दगड दिसला. खरा पिरोजा हा तांबे आणि अॅल्युमिनियमचे फॉस्फेट असतो, त्याचा निळेपणा त्याच्या तांब्यातून येतो आणि तो असा पुसला जात नाही. माझे खडे बहुधा रंगवलेल्या हाउलाइटचे, म्हणजे राखाडी शिरा असलेल्या एका पांढऱ्या खनिजाचे, होते. तीच गोष्ट चमचमत्या तपकिरी ‘सूर्यकांत’ खड्यांची: ती तांब्याचे कण मिसळलेली काच आहे. काच म्हणून ती सुंदरच आहे, पण पाटीवर काच असे लिहावे.

आणखी एक गोष्ट दुकानदारांच्या लक्षात आणून दिली. अमेथिस्ट, म्हणजे जांभळा स्फटिक, दीर्घकाळ उन्हात राहिल्यास फिका पडतो, आणि त्यांनी सर्वांत मोठा तुकडा दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात मांडला होता. तिसऱ्या भेटीच्या वेळी तो आतल्या कपाटात हलवलेला दिसला, पिरोजाचे पैसे त्यांनी वाद न घालता परत केले, परंतु ट्रेवरची पाटी अद्याप तीच आहे.